यात्रेकरूच्या पैशाचा धनी कोण?

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या तीरावर वैष्णवांचा मेळा जमलेला आहे, आणि ज्यांना जाणे घडले नाही त्यांच्या घरोघरी उपवास, तुळशीपूजन व हरिपाठ चालू असेल. अशा दिवशी भक्तीचे चार शब्द लिहावेत अशी संपादकांची अपेक्षा असते आणि वाचकांचीही. त्या अपेक्षेचा आज आम्ही थोडा भंग करणार आहोत. आम्ही पैशाविषयी लिहीत आहोत. तोही देवापुढे ठेवलेल्या पैशाविषयी नव्हे. देवदर्शनास आलेल्या माणसाकडून गावाच्या वेशीवर पावती फाडून जो घेतला जातो, त्या पैशाविषयी.

हा विषय आम्ही आपण होऊन निवडलेला नाही. एका वृद्ध बाईने तो आमच्या गळ्यात घातला. नदीकाठच्या एका क्षेत्री यात्रेनिमित्त आमचे कीर्तन होते. क्षेत्राचे नाव घेत नाही, कारण दोष एका गावाचा नाही. आरती झाली, बुक्का लावून झाला, आणि मंडळी पांगली. तेव्हा मराठवाड्याकडची एक म्हातारी पुढे आली आणि पाया पडून म्हणाली, "महाराज, गाडी गावात शिरली तवा पोरानं पावती फाडली. देवाचं गाव हाय म्हनून आमी कायबी बोललो न्हाई. पन रातच्याला बायांनी जायाचं कुटं? संडासाला कुलूप हाय. मग त्ये पैशे कुनाचं म्हनायचं?" पूर्वरंगात आम्ही ब्रह्म सत्य आणि जगत् मिथ्या यांचे निरूपण केले होते. ते तिने भक्तिभावाने ऐकले होते आणि आता ती जगताविषयी विचारीत होती. आम्ही म्हणालो, "माउली, चौकशी करून सांगतो." तिने कनवटीची पावती काढून आमच्या हाती दिली. "तुमीच ठेवा. तुमाला वाचता येतंय."

ती पावती आमच्या पोथीत आहे.

तीर्थास जाणाऱ्यावर कर असावा की नसावा, हा वाद आपल्या देशात फार जुना आहे. अकबराने मथुरेकडील यात्रेकरूंवरचा कर १५६३ साली उठविला. पुढे तो पुन्हा सुरू झाला. शहाजहानच्या कारकिर्दीत काशी व प्रयाग येथील यात्राकर माफ करविण्याचे श्रेय कवींद्राचार्य सरस्वती या संन्याशास दिले जाते. हे मूळचे गोदातीरीचे, म्हणजे आपल्याकडचे. विद्वत्ता अफाट आणि ग्रंथसंग्रह त्याहून अफाट. परंतु काशीतील पंडितांनी एकत्र येऊन त्यांची जी स्तुती केली, ज्या स्तुतिश्लोकांचा 'कवींद्रचंद्रोदय' हा ग्रंथ झाला, ती केवळ पांडित्याची नव्हती. गरीब यात्रेकरूच्या गाठीचे चार पैसे या पंडिताने बादशहाच्या दरबारी रदबदली करून वाचविले होते. संस्कृत जाणणाऱ्याने लोकांसाठी काय करावे याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही, आणि तो आठवला की आमची मान थोडी खाली जाते. का, ते पुढे येईल.

येथे आपल्या अभिमानास किंचित धक्का देणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे. जगन्नाथपुरी १७५१ पासून १८०३ पर्यंत मराठ्यांच्या, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या, अमलाखाली होती, आणि त्या काळात तेथे यात्रेकरूंकडून कर घेतला जाई. त्यानंतर आलेल्या कंपनी सरकारने १८०६ मध्ये आपला कर बसविला, यात्रेकरूंचे वर्ग पाडले आणि वर्गागणिक दर ठरविले. पुढे विलायतेतील पाद्र्यांनी ओरड केली की, ख्रिस्ती सरकारने मूर्तिपूजेच्या उत्पन्नावर हात मारणे अशोभनीय आहे. अखेर पुरी, गया व प्रयाग येथील कर १८४० साली कायद्याने रद्द झाला. सारांश, यात्रेकरूच्या खिशात हात घालण्याचा मोह कोणाही राज्यकर्त्यास सुटलेला नाही. तो हात परका होता तेव्हा आम्ही त्यास जुलूम म्हटले, आणि आपला होता तेव्हा व्यवस्था म्हटले.

परंतु एकोणिसाव्या शतकात या करास एक नवे आणि खरे कारण मिळाले. ते म्हणजे पटकी. लाखो माणसे दोन-चार दिवस एका लहान गावी येतात, एकच नदी पितात, तिच्याच काठी शौचास बसतात आणि रोग घेऊन घरोघर जातात, हे दिसू लागल्यावर नगरपालिकांनी यात्रेकरूंवर कर बसविला तो पाणी, झाडलोट, शौचकूप व औषधोपचार यांच्या नावाने. पंढरपुरासही असा कर होता. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेग आणि पटकी यांच्या भयाने यात्रेवर निर्बंध घातले गेले, तेव्हाच्या वादांतही या कराचे नाव येते. स्वातंत्र्यानंतर केंद्राने १९५६ साली यात्रास्थळी रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशांवर 'टर्मिनल टॅक्स' आकारण्याचा स्वतंत्र अधिनियम केला, आणि महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपालिका अधिनियमातही क्षेत्री वेळोवेळी येणाऱ्या यात्रेकरूंवर कर बसविण्याची तरतूद झाली. आज हा कर प्रत्येक ठिकाणी जुन्या नावाने दिसत नाही. कोठे तो वाहनाच्या प्रवेशशुल्काच्या रूपाने येतो, कोठे वाहनतळाच्या पावतीने, कोठे खोलीच्या भाड्यावरील वस्तू व सेवाकरात मिसळून, तर कोठे शासनाच्या अनुदानातून अप्रत्यक्षपणे. नावे अनेक असली तरी उगम एकच, तो म्हणजे बाहेरून आलेला माणूस.

आणि मग भांडणे सुरू होतात. क्षेत्रस्थ वाचकांना ती सांगावयास नकोत. प्रत्येक यात्रेच्या आधी महिनाभर आणि नंतर दोन महिने ती चालतात. व्यापारी म्हणतो, बाजारपेठेतील रस्ता रुंद करा, दिवे लावा. यात्रेकरू तेथेच फिरतो. गावाच्या टोकाला राहणारा म्हणतो, आमच्या आळीत तीन दिवसांआड पाणी येते. यात्रेत तेही बंद होते. घाण आम्ही सोसतो, मग पैसा पेठेत का? पुजारी व आम्हांसारखे कथेकरी म्हणतात, हा पैसा देवामुळे आला, तेव्हा देवाच्या परिसराची शोभा वाढवा. आणि ज्याने पैसा दिला तो या सभेस हजर नसतो. तो आपल्या गावी पेरणीत गुंतलेला असतो.

गावाच्या टोकाला राहणाऱ्याचे गाऱ्हाणे आम्ही हलके लेखीत नाही. २०११ च्या जनगणनेत पंढरपूरची वस्ती लाखाच्या आत होती. आषाढीस त्या गावात दहा-पंधरा लक्ष माणूस उतरल्याची वृत्ते दरवर्षी आपण वाचतो. ज्या नळयोजनेवर एका घराची तहान भागते तिच्यावर पंधरा घरांची भागवावयाची, आणि एकादशी संपल्यावर उरलेला चिखल, पत्रावळी, माश्या व ताप यांच्यासह बारा महिने तेथेच राहावयाचे, हे सोपे नाही. गावकऱ्यास या पैशातून काहीच मिळू नये असे म्हणणारा कधी क्षेत्री राहिलेला नसतो. परंतु गावकऱ्याचा हक्क यात्रेकरूच्या हक्काच्या मागून येतो, पुढून नव्हे, असे आमचे मत आहे. यात्रेसाठी टाकलेली जलवाहिनी यात्रेनंतर गावाचीच राहते. मात्र गावातील मिरवणुकीच्या चौकाचे सुशोभीकरण यात्रेकरूच्या तहानेला कधीच उपयोगी पडत नाही.

या भांडणात अलीकडे एक शब्द शिरला आहे, 'पर्यटन'. तीर्थक्षेत्र हे आता पर्यटनस्थळ झाले आहे. शब्द निरुपद्रवी दिसतो, पण खर्च शब्दामागून जातो. येणारा पर्यटक आहे असे मानले की त्याला रंगीत कारंजे लागते, छायाचित्र काढण्याजोगी जागा लागते, रोषणाई लागते. तो यात्रेकरू आहे असे मानले की त्याला पाणी लागते, सावली लागते, पाय टेकावयास जागा लागते आणि बाईमाणसाला आडोसा लागतो. हा झगडा केवळ आपल्याकडचा नाही. जपानात क्योटो हे बौद्ध मंदिरांचे प्राचीन नगर आहे. तेथील नगरपालिकेने १९८५ साली प्रमुख मंदिरांत येणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसामागे ५० येनांचा कर बसविला, कारण तिच्या दृष्टीने येणारा हा प्रेक्षक होता. मंदिरांनी सांगितले, आमच्याकडे येतो तो दर्शनास येतो, त्याच्या भक्तीवर कर नको. आणि किंकाकुजी, गिंकाकुजी, कियोमिझु यांसारख्या मोठ्या मंदिरांनी आपली दारेच बंद केली. गावातील खानावळवाले व दुकानदार हवालदिल झाले. शेवटी १९८८ मध्ये तो कर गेला. त्याच नगरात २०१८ पासून मुक्कामावर कर आहे. तो मंदिराच्या दारात न घेता निवासगृहात घेतला जातो. दार बंद करण्याचा त्या भिक्षूंचा मार्ग आम्हांस पसंत नाही. पण यात्रेकरू की प्रेक्षक, हा प्रश्न तरी त्यांनी उघड विचारला. आपल्याकडे तो कोणी न विचारताच निकालात निघाला आहे.

आता शास्त्राकडे वळू. आपल्या धर्मशास्त्राने पुण्यकर्माचे दोन विभाग केले, इष्ट आणि पूर्त. यज्ञ, होम, वैदिक कर्म हे इष्ट. विहिरी, तळी, अन्नछत्रे, आराम, पांथस्थांसाठी निवारा हे पूर्त. देवालय बांधणे हेही ग्रंथकार पूर्तातच घालतात, हे आम्हांस ठाऊक आहे, आणि शास्त्रीमंडळी पत्र लिहून ते कळविण्यापूर्वीच सांगून ठेवतो. परंतु पूर्ताच्या पोटातही एक भेद आहे, आणि तो व्यवहारात पाळला गेला आहे. जे संकल्प सोडून, आपल्या नावाने, आपल्या पुण्यासाठी करावयाचे, ते स्वतःच्या द्रव्याने करावे. दुसऱ्याकडून सक्तीने घेतलेल्या द्रव्याने केलेल्या दानाचे पुण्य कोणाचे? देणाऱ्याने संकल्प केला नाही, आणि करणाऱ्याचे द्रव्य नाही. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे, घाट व धर्मशाळा उभारल्या, त्या खासगीच्या उत्पन्नातून. दौलतीचा पैसा निराळा आणि खासगीचा निराळा, हा विवेक त्या बाईंनी राखला होता. देऊळ उठवावयाचे तर ते आपल्या पदराने, हा त्या विवेकाचा अर्थ आम्ही घेतो.

नवल असे की, आपली राज्यघटना वेगळ्या वाटेने जवळपास तेथेच येऊन पोहोचते. तिच्या २७ व्या अनुच्छेदाप्रमाणे एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी वा परिपोषणासाठीच ज्याचे उत्पन्न राखून ठेवले आहे असा कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. आणि १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात (हा मठ उडुपीचा, पुणे जिल्ह्यातील शिरूरचा नव्हे) सर्वोच्च न्यायालयाने कर आणि शुल्क यांतील भेद विशद केला: शुल्क म्हणजे विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात घेतलेले द्रव्य. हा भेद पुढील निर्णयांत काहीसा सैल झाला आहे; तरीही वेशीवर पावती देणाऱ्याने तो लक्षात ठेवावा. पावतीवर 'शुल्क' छापले असेल तर सेवा कोणती, हे विचारण्याचा त्या म्हातारीला अधिकार आहे. आणि 'कर' छापले असेल, तर तो शिखराच्या सोन्यासाठी वा सभामंडपाच्या संगमरवरासाठी नाही. त्यासाठी देवाची पेटी आहे. तीत टाकणारा हात जोडून टाकतो.

आता आमची मान का खाली जाते ते सांगतो. त्याच क्षेत्री काही वर्षांपूर्वी जमलेल्या निधीचे काय करावे यासाठी नागरिकांची बैठक झाली होती. वर सांगितलेले तिन्ही पक्ष तावातावाने बोलले. चौथा पक्ष कोणी मांडला नाही. आम्ही तेव्हा वयाने व मानाने वडील म्हणून खुर्चीवर होतो. आमच्यासारख्यांच्या आग्रहाने ठरले ते असे की, वेशीवर दगडी स्वागतकमान उभारावी. तीवर कोरण्यासाठी श्लोक आम्हीच रचला, शार्दूलविक्रीडित वृत्तात. आठ दिवस आम्ही त्या चार चरणांवर खपलो. उद्घाटनाचे मंगलाचरणही आम्हीच केले, शालही आम्हीच घेतली. (तिसऱ्या चरणात एक यतिभंग राहून गेला आहे, तो आजवर कोणाच्या ध्यानी आला नाही.) त्या म्हातारीने प्रश्न विचारला त्या रात्री आम्ही परतताना त्या कमानीजवळून आलो. कमानीच्या मागे, तिच्या सावलीचा आडोसा धरून, बायका बसल्या होत्या. आमच्या कंदिलाचा उजेड पाहून त्या गडबडीने उठून उभ्या राहिल्या. आम्ही कंदील विझविला आणि अंधारात घरी आलो.

पंढरपुराविषयी एक गोष्ट आणखी लिहिणे भाग आहे. यात्रा झाडणाऱ्या माणसांच्या कित्येक पिढ्यांना विठ्ठलाचे दर्शन नव्हते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा ते दार उघडले. दार उघडले, पण झाडू हातातून गेला नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेस २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही वारीनंतरच्या वाळवंटाचा आणि गल्लीबोळांचा प्रश्न २०१४-१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, आणि न्यायालयाला शौचालयांच्या संख्येविषयी व वाळवंटातील तंबू-वाहनांविषयी आदेश द्यावे लागले. वारकऱ्यांच्या मुखी '६५ एकर' म्हणून जो तळ आहे, तेथे पाणी व शौचालये झाली ती त्यानंतरच्या काळात. तेव्हा आमच्या भजनीमंडळींपैकी काहींनी कुरकुर केली होती की, न्यायालय वारीत ढवळाढवळ करते. आम्हीही थोडी केली. आज वाटते, जे काम आमच्या फडांनी आणि मठांनी आधी मागावयाचे ते दुसऱ्या कोणी मागितले. यात्रेकरूच्या पैशावर पहिला हक्क पाणी, शौचालय आणि ते स्वच्छ ठेवणाऱ्यांची पुरी मजुरी, हातमोजे, गमबूट यांचा. त्यानंतर निवारा व औषधोपचार. मग गावाच्या टोकाची आळी. कमानी त्यानंतर, आणि त्या वर्गणीतून.

हे कोण पाहणार? हिशेब पाहणार कोण? येथे विठ्ठलमंदिरातीलच एक दगड आम्ही पुढे करतो. 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' आपण सर्व जाणतो. त्यास पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या श्रद्धेने पिढ्यान्पिढ्या भाविकांनी त्याला पाठ घासली आणि अक्षरे झिजली. पण त्यावर कोरले आहे तरी काय? शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७, या काळात या देवळासाठी कोणी काय दिले, त्याची ती नोंद आहे. यादव राजा रामचंद्रदेव आणि त्याचा मंत्री हेमाद्री पंडित त्यात आहेत, तसेच लहानसहान देणगीदारही आहेत. चतुर्वर्गचिंतामणीसारखा प्रचंड धर्मग्रंथ ज्याच्या नावावर आहे, त्या पंडिताच्या काळी जमेची बाजू दगडावर कोरून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ठेवली गेली, तीही मराठीत. साडेसातशे वर्षांनंतर जमाही नाही आणि खर्चही नाही. म्हातारीच्या कनवटीला एक पावती, एवढाच काय तो लेख.

आमची मागणी लहान आहे. प्रत्येक क्षेत्री दर्शनबारीच्या वाटेवर, जेथे माणूस तासन्‌तास उभा असतो, तेथे एक फलक असावा. गेल्या यात्रेत बाहेरच्या माणसांकडून किती रुपये घेतले, त्यांतून किती शौचालये बांधली, किती चालू आहेत, त्यांच्या किल्ल्या कोणापाशी आहेत, झाडणाऱ्यांना रोज किती दिले. मराठीत, मोठ्या अक्षरांत. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारचा वाचून दाखवील. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि न्यायालयही लागत नाही, दोन डबे रंग आणि एक रंगारी पुरे. आणि जेथे फलक लागणार नाही तेथे नारदाची गादी आहे. काल्याच्या कीर्तनास गाव आणि यात्रेकरू दोन्ही समोर असतात. त्या दिवशी निरूपणापूर्वी पाच मिनिटे हिशेब वाचावा, असे आम्ही आमच्या हरिदास बंधूंना सुचवितो. काही जण म्हणतील, गादीवरून पैशाचे बोलणे शोभत नाही. बिदागीचे बोलणे गादीखाली उतरून आम्ही सर्वच करतो, तेव्हा फार सोवळे दाखवू नये हे बरे.

पुढील यात्रेस त्या क्षेत्री आम्हांस पुन्हा बोलावणे आहे. होकार कळविताना आम्ही दोन गोष्टी लिहिल्या. एक, बिदागी नको; तीतून यात्रेच्या चार रात्री शौचालयांपाशी किल्ली घेऊन बसणारी एक बाई नेमावी. दुसरी, हिशेबाचा कागद आधी पाठवावा. तो काल्याच्या दिवशी वाचावयाचा आहे. पहिल्या गोष्टीस उत्तर आले, "अवश्य, महाराज." दुसरीस अद्याप आलेले नाही. ती पावती आम्ही बरोबर नेणार आहोत. म्हातारी आली तर तिला ओळखू.